प्रभागांच्या सीमा आणि लोकांच्या हरकती

मराठेशाहींतील सनदा व आज्ञापत्रें ज्यांनीं हाताळलीं आहेत, त्यांस 'हरकत' हा शब्द परका नाहीं. 'येविषयीं हिल्लाहरकत न करणें' अशा धर्तीचें वाक्य इनामपत्रांतून वारंवार आढळतें. तेथें हरकत करूं पाहणारा म्हणजे मामलेदार, कमाविसदार किंवा देशमुख-देशपांडे. आणि हरकत म्हणजे त्यानें हुकुमाच्या अंमलास घातलेला अडथळा. हरकत ही मना करावयाची गोष्ट होती. आजच्या सरकारी कागदांत हाच शब्द नेमका उलट्या बाजूस जाऊन बसला आहे. महानगरपालिकेच्या निवडणुकीपूर्वीं प्रभागांची जी नवी रचना ठरवितात, तिच्या अधिसूचनेंत सरकार आपण होऊन रहिवाशांस कळवितें कीं, अमुक तारखेच्या आंत आपल्या हरकती व सूचना लेखी दाखल कराव्या. जो शब्द अंमलदाराच्या वागणुकीसाठीं वापरीत, तो सामान्य रहिवाशाच्या हातांत आला. हातांत आल्यावर त्याचें वजन किती उरलें, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

कांहीं वाचकांस हा विषय येथें अस्थानीं वाटेल. पक्षोपक्षांच्या जयापजयाशीं आम्हांस कर्तव्य नाहीं. कर्तव्य आहे तें कागदांशीं. कोणती वस्ती कोठें संपते व कोठें सुरू होते, याविषयीं तेथें राहणाऱ्यांनीं स्वतः लिहून दिलेले कागद आपल्या संग्रहांतून शिवेच्या महजरांच्या रूपानें जपलेले आहेत. त्याच जातीचे कागद आज पुन्हां तयार होत आहेत आणि त्यांच्याकडे संग्राहकांचें लक्ष नाहीं.

दोन गांवांत शिवेचा तंटा पडला म्हणजे तो कसा तोडीत, हें अभ्यासकांस विदित आहे; तथापि पुढील तुलनेसाठीं थोडक्यांत सांगतों. प्रथम दोन्ही पक्षांकडून, होईल तो निवाडा मान्य करूं असा राजीनामा व त्यास जामीन घेत. मग प्रत्येकानें आपली तकरीर लिहून द्यावयाची. आसपासच्या गांवांचे मोकदम, कुलकर्णी, बलुतेदार व वृद्ध माणसें यांच्या साक्षी होत. शीव कोणत्या ओढ्यानें, कोणत्या टेकडीनें, कोणत्या झाडावरून जाते, हें ज्यानें जन्मभर पायांखालीं घातलें आहे त्यास विचारीत. गांवशिवेचा राखणदार म्हणून महाराच्या सांगण्यास अशा वादांत विशेष महत्त्व असे. साक्षीपुराव्यानें निकाल लागेना, तर दिव्याची पाळी येई: एकानें डोक्यावर गाईचें कातडें अगर शिवेची माती घेऊन शीव चालावयाची, आणि तो चालेल ती शीव खरी मानावयाची, मात्र ठरलेल्या मुदतींत त्याच्यावर कांहीं अरिष्ट आलें तर तो खोटा. शेवटीं गोतानें बसून महजर करावयाचा व त्याखालीं आपापल्या निशाण्या घालावयाच्या. पाटलाचा नांगर, सुताराचें किंकरें, न्हाव्याचा आरसा. ज्यास अक्षर येत नसे त्याचेंही म्हणणें अशा रीतीनें कागदावर उतरे.

हा प्रकार फार गोंडस करून सांगण्याचें कारण नाहीं. गोत म्हणजे सर्व लोक नव्हेत. ज्यास वतन अगर मिरास नाहीं, त्या उपऱ्यास त्या बैठकींत उभें राहावयास फारशी जागा नव्हती. बायकांचा शब्द तर क्वचितच दिसतो. परंतु एक गोष्ट त्या पद्धतींत पक्की होती. सीमा कोठें आहे हें ठाऊक असलेला मनुष्य आणि सीमा ठरविणारी बैठक ह्यांमध्यें अंतर नव्हतें. निवाडा झाल्यावर साक्ष कोणी काय दिली हेंही कागदांतच राही. आज पावणेतीनशें वर्षांनीं आपण त्या साक्षी वाचूं शकतों त्या यामुळेंच.

इंग्रजी अंमलांत सीमेचें स्वरूप पालटलें. गांवशीव जमिनीची व हक्काची होती. नगरपालिकेच्या वॉर्डाची सीमा प्रथम कराची व झाडलोटीची आणि मागाहून मतांची झाली. १८५० च्या २६ व्या कायद्यानें शहरांत नगरपालिका स्थापण्याची जी सोय झाली, तींत तेथील रहिवाशांची तशी इच्छा आहे अशी सरकारची खात्री पटावी लागे. लोकांस विचारण्याचा हा प्रकार आजच्या दृष्टीनें चमत्कारिक खरा, पण तो होता. पुढें मुंबईस १८७२ च्या कायद्यानें चौसष्ट सभासदांपैकीं निम्मे करदात्यांनीं निवडावयाचे ठरले. मताचा हक्क वर्षास पन्नास रुपये कर देणाऱ्यास होता. १८८२ सालच्या मे महिन्यांत लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव झाला. १८८८ च्या कायद्यानें मुंबईंतील कराची मर्यादा तीस रुपयांवर आली, आणि प्रौढ मताधिकार तेथें १९४८ मध्यें पोंचला. या सगळ्या काळांत वादाचा मुख्य प्रश्न, मत कोणास असावें, हा होता. मत कोणत्या हद्दींत मोजावें हा प्रश्न मागें पडला. ज्या शहरांत मूठभरांसच मत आहे, तेथें हद्दीची रेघ या गल्लींतून गेली काय किंवा त्या गल्लींतून गेली काय, बहुतेकांच्या जिवास तिची झळ लागत नव्हती. सर्वांस मत मिळाल्यावर रेघेस किंमत आली.

१९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनें नगरपालिकांस घटनेंत स्थान मिळालें व ती दुरुस्ती १ जून १९९३ पासून अंमलांत आली. महाराष्ट्रांत १९९४ मध्यें राज्य निवडणूक आयोग स्थापन झाला, आणि पुढें प्रभागांची संख्या व सीमा ठरविण्याचें काम त्याच्याकडे आलें. मार्च २०२२ मध्यें विधिमंडळानें कायदे दुरुस्त करून तें काम पुन्हां राज्यशासनाकडे घेतलें. त्यामुळें २०२५ सालची रचना शासनाच्या नगरविकास विभागाच्या आदेशानें महापालिका आयुक्तांनीं तयार केली व तीस आयोगाची मान्यता घेण्यांत आली. सीमा कोणी आंखावी हा वाद किती जुना आहे, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. देशमुखाच्या व सरकारी कमाविसदाराच्या कलहांत हेंच कथानक वेगळ्या पोशाखांत आढळेल.

आतां रेघ कशी पडते तें पाहूं. जनगणनेसाठीं शहराचे जे लहान लहान तुकडे पाडतात, त्यांस प्रगणक गट म्हणतात. प्रभाग हा अशा अनेक गटांची बेरीज असतो, आणि एक गट शक्यतों दोन प्रभागांत फोडावयाचा नसतो. शहराची एकूण लोकसंख्या सभासदांच्या एकूण संख्येनें भागावयाची, आणि येणाऱ्या सरासरीस त्या प्रभागांतील जागांनीं गुणावयाचें. समजा, शहर साडेसोळा लाखांचें व सभासद १६५ आहेत. तर एका सभासदामागें दहा हजार लोक आले, आणि चार सभासदांच्या प्रभागांत चाळीस हजार. या आंकड्याच्या वर किंवा खालीं शेंकडा दहा इतकी मोकळीक असते, म्हणजे छत्तीस हजारांपासून चव्वेचाळीस हजारांपर्यंत. गट जुळवीत जावयाचें तें शहराच्या उत्तरेकडून. तेथून ईशान्येस, मग पूर्वेस, मग पश्चिमेकडे वळत शेवटीं दक्षिणेस यावयाचें व त्याच क्रमानें प्रभागांस आंकडे द्यावयाचे. सीमा नदी, नाला, डोंगर, लोहमार्ग, मोठा रस्ता यांवरून न्यावी आणि वस्ती सलग राहावी, असा दंडक आहे. येथें अडचण इतकीच कीं, २०२१ ची जनगणना त्या सालीं झालीच नाहीं. म्हणून २०२५ ची सर्व गणना २०११ च्या आंकड्यांवर करावी लागली. मध्यंतरींच्या चौदा वर्षांत ज्या माळरानांवर इमारती उभ्या राहिल्या, तेथील माणसें प्रभागांत राहतात, पण प्रभागाच्या हिशेबांत नाहींत.

अधिसूचनेंत प्रत्येक प्रभागापुढें दोन गोष्टी दिलेल्या असतात: सीमा व व्याप्ती. सीमा वाचतांना जुन्या ताम्रपटांची सवय असलेल्या माणसास घरीं आल्यासारखें वाटेल. उत्तरेस अमुक नाला, पूर्वेस अमुक रस्ता, तेथून दक्षिणेस अमुक चौक, पश्चिमेस नदी. ही आपली ओळखीची चतुःसीमा होय. शिलाहारांच्या दानपत्रांतील आघाटांचा उल्लेख आणि हा मजकूर यांत भाषेचा व काळाचा फरक आहे, बांधणीचा नाहीं. व्याप्तींत वस्त्यांचीं नांवें दिलेलीं असतात, आणि तेथें कांहीं नांवांपुढें कंसांत 'भाग' असा लहानसा शब्द असतो. जिज्ञासूनें प्रथम हा शब्द शोधावा. ज्या नांवापुढें 'भाग' आला, ती वस्ती दुभंगली असें समजावें. तिचा उरलेला तुकडा दुसऱ्या कोणत्या तरी प्रभागांत सांपडेल. बहुतेक वादांचें मूळ या एका शब्दांत असतें.

पुण्याचें उदाहरण घेतलें म्हणजे हें स्पष्ट होईल. येथील पेठा हीच या शहराची जुनी अंतर्गत सीमारचना. बुधवार पेठेस मोहियाबाद, शनिवार पेठेस मुर्तजाबाद, गुरुवार पेठेस वेताळ पेठ हीं जुनीं नांवें कागदांत आढळतात. नांवें बदललीं तरी पेठ ही लोकांच्या बोलण्यांत आजतागायत एक आहे. महापालिकेच्या प्रभागांस असें स्थैर्य लाभलें नाहीं. २००२ मध्यें तीन सभासदांचे प्रभाग होते. २००७ मध्यें एका सभासदाचे झाले, २०१२ मध्यें दोघांचे, २०१७ मध्यें बहुतेक चौघांचे. २०२२ मध्यें पुन्हां तिघांचे करण्याचें ठरून अठ्ठावन्न प्रभागांची रचना झाली, आणि २०२५ मध्यें एकेचाळीस प्रभाग व १६५ सभासद, त्यांत चाळीस प्रभाग चौघांचे व एक पांचांचा. दर निवडणुकीस घडी मोडून नवी घातली गेली. याच काळांत हद्दीबाहेरचीं गांवेंही आंत आलीं: २०१७ मध्यें अकरा, २०२१ मध्यें तेवीस. २०२५ च्या रचनेंतील पंचविसाव्या प्रभागाचें नांव 'शनिवार पेठ - महात्मा फुले मंडई' आणि सव्विसाव्याचें 'घोरपडे पेठ - गुरुवार पेठ - समताभूमी' असें आहे. मंडई शुक्रवार पेठेंत, म्हणजे पंचविसाव्या प्रभागाच्या नांवांतच दोन पेठा एकत्र आल्या आहेत. समताभूमी म्हणजे जोतीरावांचा वाडा. तें नांव प्रभागाच्या मथळ्यावर येणें ही पुढील संशोधकास या काळाविषयीं बरेंच सांगणारी गोष्ट आहे.

या रचनेचें प्रारूप २२ ऑगस्ट २०२५ रोजीं प्रसिद्ध झालें आणि हरकतींची मुदत ४ सप्टेंबरपर्यंत होती. त्या वर्षीं गणेशचतुर्थी २७ ऑगस्टला व अनंतचतुर्दशी ६ सप्टेंबरला आली. मुदतीचे अखेरचे नऊ दिवस उत्सवांत गेले, हें पुण्यांतील माणसास निराळें समजावून सांगण्याची जरूर नाहीं. तरीहि पांच हजारांहून अधिक हरकती व सूचना दाखल झाल्या. सप्टेंबरांतच त्यांवर सुनावणी होऊन पुढें अंतिम रचना जाहीर झाली, आणि तिच्यावर १५ जानेवारी २०२६ रोजीं मतदान झालें.

हरकती कशाच्या असतात? फार मोठ्या संख्येनें त्या अशा गोष्टींच्या असतात कीं, ज्यांवर सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यास कांहींच करतां येत नाहीं. प्रभाग चौघांचा नको, एकाचा करा. तर सभासदसंख्या कायद्यानें ठरलेली. अमुक जागा राखीव नको; तर आरक्षण मागाहून लोकसंख्येच्या उतरत्या क्रमानें व सोडतीनें ठरावयाचें, त्याचा हा टप्पाच नव्हे. २०११ चे आंकडे जुने झाले. हें खरें, पण दुसरे आंकडे नाहींत. हीं सर्व गाऱ्हाणीं रास्त असूं शकतात आणि सर्व निरुपयोगी ठरतात. ज्या हरकतींचा विचार होऊं शकतो त्या निराळ्या. सीमा नाल्यावरून न नेतां नाला ओलांडून नेली आहे. वस्ती सलग नाहीं. सीमेच्या वर्णनांत रस्त्याचें नांव चुकलें आहे. अमुक क्रमांकाचा गट या बाजूस घेतला तरी दोन्ही प्रभाग दहा टक्क्यांच्या आंत राहतात. प्रभागाच्या नांवाविषयींची सूचनाहि याच वर्गांतली. नांव बदलल्यानें मतांचा हिशेब बदलत नाहीं, म्हणून ती देण्यास हात सैल सुटतो.

याचा अनुभव प्रस्तुत लेखकानें घेतला आहे. एका लहान शहरांत, त्याचें नांव सांगण्याचें कारण नाहीं, आमची आळी नव्या रचनेंत मधोमध कापली गेली. आळीच्या टोकास पूर्वीं ओढा होता व तीच जुनी हद्द, हें मला एका महजराच्या नकलेवरून ठाऊक होतें. मोठ्या उत्साहानें मीं ती नक्कल, तिचें बाळबोध लिप्यंतर आणि चार पानांचा अर्ज असें बाड तयार करून सुनावणीस गेलों. अधिकाऱ्यांनीं नक्कल कुतूहलानें पाहिली, मोडी अक्षराविषयीं एक प्रश्नहि विचारला, आणि मग म्हणाले, "ओढा आतां कोठें आहे?" ओढा बुजून त्यावर रस्ता झालेला. "गट क्रमांक?" तो मीं पाहिलाच नव्हता. तीन मिनिटांत मी बाहेर आलों. माझ्या मागून गेलेले शेजारी निवृत्त तलाठी. त्यांचा अर्ज सात ओळींचा: दोन गटांचे क्रमांक, त्यांची लोकसंख्या, दोन्ही प्रभागांची आधींची व नंतरची बेरीज. आळी अखेर एका बाजूस गेली ती त्यांच्या सात ओळींमुळें. माझ्या मनास त्या दिवशीं थोडें लागलें हें कबूल करतों. पण विचार करतां शिवेच्या वादांत ज्याचें ऐकत तो पंडित नसे, शीव चालणारा असे. तलाठीबुवा आजची शीव चालले होते. ती आंकड्यांची आहे.

तथापि या टप्प्याचें महत्त्व कमी लेखूं नये, कारण याच्या पुढचें दार अरुंद आहे. घटनेच्या २४३-झेड-जी या अनुच्छेदानें मतदारसंघांच्या सीमा ठरविणाऱ्या कायद्याची व जागांच्या वांटणीची वैधता न्यायालयांत विचारास घेतां येत नाहीं. निवडणुकीस बाधा येऊं नये हा त्यांतला हेतु उघड आहे. पण त्यामुळें सामान्य रहिवाशास आपलें म्हणणें सरकारी कागदावर चढविण्याची जागा व्यवहारांत ही एकच उरते: प्रारूप व अंतिम यांमधले ते थोडे दिवस.

आणि तें म्हणणें टिकेलच असेंहि नाहीं. फेब्रुवारी २०२२ मध्यें पुण्यांत तीन सभासदांच्या प्रभागांचें प्रारूप निघालें, लोकांनीं हरकती दिल्या, सुनावण्या झाल्या. ४ मे २०२२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ११ मार्च २०२२ पूर्वींच्या रचनेवरून निवडणुकी घेण्याचा आदेश दिला. पुढें ऑगस्टांत कायदा पुन्हां बदलला; मुंबईच्या २३६ केलेल्या जागा पुनः २२७ झाल्या. पुण्याच्या त्या अठ्ठावन्न प्रभागांवर कधींच मतदान झालें नाहीं. म्हणजे हजारों माणसांनीं ज्या सीमांविषयीं लेखी वाद घातला, त्या सीमा प्रत्यक्षांत एक दिवसहि नांदल्या नाहींत. संग्राहकाच्या दृष्टीनें मात्र हेंच दफ्तर मोलाचें. अंमलांत आलेल्या सनदेची नक्कल दहा ठिकाणीं सांपडते. जी फिरविली गेली तिची प्रत मिळविण्यासाठीं आपण वाड्यावाड्यांतून फिरतों.

म्हणून मंडळाच्या सभासदांस एक विनंति करावीशी वाटते. आपल्या गांवच्या रचनेचें प्रारूप, अंतिम अधिसूचना आणि दोहोंचे नकाशे एकत्र ठेवावेत. एकटी अंतिम अधिसूचना असली तर लोकांच्या सांगण्यावरून काय बदललें हें कळणार नाहीं. नकाशे आतां बहुधा पडद्यावर पाहण्यासाठीं काढतात, व पुढची निवडणूक आली कीं जुने नकाशे दृष्टीआड होतात; ज्याला जमेल त्यानें मोठ्या कागदावर छापून घ्यावेत व पाठीमागें तारीख घालावी. हरकतींचे अर्ज व्यक्तींचे असल्यामुळें त्यांतील नांव-पत्ते जपून हाताळावेत. पण गल्लीनें, गणेशमंडळानें, गृहनिर्माण संस्थेनें सामुदायिक दिलेले अर्ज मिळाल्यास अवश्य घ्यावेत. त्यांत लोक आपल्या वस्तीचें वर्णन स्वतःच्या शब्दांत करतात: कोणता पार, कोणती गिरणी, कोणत्या देवळाची पायरी, कोणत्या नळापर्यंत आमची आळी. अधिसूचनेंत हीं नांवें येत नाहींत. त्या अर्जाची पोंच मिळाली असेल तर तीहि सोबत ठेवावी, कारण तारीख व आवक-क्रमांक तिच्यावरच असतो. माझ्या चार पानी अर्जाची पोंच मीं त्या महजराच्या नकलेसह एकाच रुमालांत बांधली आहे, आणि शेजाऱ्यांच्या संमतीनें त्यांच्या सात ओळींची प्रतहि.